वडिलांची विडी

समाजशास्त्राच्या तासाला 'व्यसन' हा विषय निघाला, तेव्हा वर्गात सर्वांनी दारूचीच उदाहरणे दिली. विडीचे नाव कोणी काढले नाही. मीही काढले नाही, कारण आमच्या घरी विडीला व्यसन म्हणण्याची रीतच नव्हती. माझे वडील (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) लोणंदच्या कांदा बाजारात हमाल आहेत. चोवीस वर्षे ते विडी ओढत होते; दिवसाला तीस-पस्तीस. २०२३ च्या दिवाळीत ती सुटली. त्याआधी दोनदा का सुटली नाही आणि तिसऱ्यांदा कशी सुटली, हे समजून घेताना जे वाचले व घरात पाहिले, ते येथे मांडीत आहे.

तंबाखू मूळची आपली नव्हे. अमेरिकेतून ती पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये रुजली. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा सरदार असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि चिलीम ठेवली. बादशहाने ओढून पाहिली, हकिमाने हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले ते आपण कोणत्याही पानटपरीवर पाहू शकतो. आपला मुलूखही एके काळी विजापूरच्याच अमलाखाली होता. म्हणजे या बाबतीत आपण दिल्ली-आग्ऱ्याच्या पुढे होतो असे म्हणावे लागेल!

विडी गरिबाची म्हणून ती सौम्य, असा समज आहे. मीही तोच धरून होतो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळच कमी असते, हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी विझू नये म्हणून तिचे झुरके घाईघाईने आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटइतका किंवा त्याहून अधिक छातीत जातो. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. रात्रभरात ते अगदी उतरते. आण्णा तोंड धुण्याआधी विडी का पेटवीत, याचा उलगडा मला पुस्तकात झाला.

पहिला प्रयत्न २०२२ चा. दोन वर्षांच्या खंडानंतर माऊलींची पालखी त्या वर्षी पुन्हा पायी आली. नीरास्नानाच्या वेळी आण्णांनी बंडल पाण्यात सोडले आणि हात जोडले. पालखी लोणंदला मुक्कामाला असताना ते खूश होते. पण आषाढी एकादशी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ट्रक भरता भरता विडी पुन्हा ओठात आली. घरी आई म्हणाली, "देवाला फशिवलं." मलाही तसेच वाटले होते. मनोनिग्रह कमी पडला, असे मी त्या वेळी मित्रांनाही सांगितले. आज ते आठवले की लाज वाटते.

दुसऱ्या वेळी विडी सुटली, पण हातावर तंबाखू-चुना आला. सारे म्हणाले, सुटली बरे का! ही फसगत आमच्या एकट्याच्या घरातली नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे धूम्रपान करणारे जेमतेम चार होते, पण बिनधुराची तंबाखू खाणारे वा लावणारे चोवीस होते. धूर दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. आण्णांचे म्हणाल, तर तीन महिन्यांत तंबाखूही राहिली आणि विडीही आली.

मग खोकला वाढला. बेडक्याची तपासणी झाली, क्षय नव्हता. पण डॉक्टरांनी विडी थांबवायला बजावले. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे (१८००-११-२३५६), तिथे मी फोन लावून दिला. त्यांनी सोडण्याची तारीख ठरवायला आणि कोणती विडी केव्हा ओढली जाते ते लिहून काढायला सांगितले. आण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. नोंदी मी वहीत केल्या, चार दिवस. एका दिवसाच्या बत्तीस विड्यांपैकी एकोणीस बाजारातल्या निघाल्या, आणि त्या साऱ्या ओझे उतरवून टेकल्यावरच्या. मी विचारले, "तेवढ्या वेळा तलफ येते?" आण्णा जे बोलले ते मी तसेच्या तसे लिहितो : "तलफ कसली रं? नुसता बसलो की मुकादम म्हनतो, का बसलास? इडी तोंडात असली की कोन काय म्हनत नाय."

माझ्या या साऱ्या अभ्यासात एवढे एकच वाक्य मला पुस्तकात सापडले नाही. विडी ही हमालाची सुट्टी होती. ती सोडायची म्हणजे दिवसातून एकोणीस वेळा पाच-पाच मिनिटे बसण्याचा हक्क सोडायचा. हे त्यांनी देवाला कसे सांगावे?

म्हणून तिसऱ्या वेळी आम्ही आधी बसण्याची सोय पाहिली. पाणी प्यायला अर्धा मिनिट पुरते, त्याने भागेना. शेवटी फुटाणे ठरले. खिशात पुडी, आणि एक-एक दाणा सोलून खायचा. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते, असे मी वाचले होते. मूठभर फुटाण्यांना तेवढाच वेळ लागतो. टोळीतल्यांनी पहिल्यांदा चेष्टा केली, मग हात पुढे केले. मुकादमही दोन दाणे घेऊन गेला. फुटाणे खाणाऱ्याला "का बसलास" असे कोणी विचारीत नाही, हे तेव्हा कळले.

तरी पहिले तीन दिवस वाईट गेले. हळव्या कांद्याची आवक जोरात, आणि आण्णा घरी येऊन भांड्यांवर राग काढीत. झोप नाही, डोके जड. ही निकोटिन तुटल्याची लक्षणे आहेत, दोन ते चार आठवड्यांत ती उतरतात, हे मी आईला समजावून सांगितले म्हणून घरात भांडण झाले नाही. सोडल्यानंतर वर्षभराने हृदयविकाराचा विडीमुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा यायला दहा वर्षे लागतात. आण्णांना मी पहिलाच आकडा सांगितला. दुसरा सांगायला धीर झाला नाही.

हा लेख घरी वाचून दाखवला. आण्णा काही बोलले नाहीत. आईला मी विचारले, "आई, तुझी मिश्री?" ती म्हणाली, "मी कुठं इडी वढतीया?" तिची डबी चुलीमागच्या फळीवर आहे. दर चार-आठ दिवसांनी ती तव्यावर तंबाखू भाजते. तो वास सुटला की आण्णा फुटाण्यांची पुडी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसतात आणि तवा उतरेपर्यंत आत येत नाहीत.