डाळिंबाची छाटकलमे

भिवापूर परिसरातील शेतकरी बंधूंना संत्र्याची कलमे परिचित आहेत. ती जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात. डाळिंबास खुंटाची गरज नाही. बियांपासून झालेली झाडे मातृवृक्षाच्या गुणांची निघतीलच असे नाही. छाटकलमाने ते गुण टिकतात. परंतु तेल्या रोगही त्याच काडीबरोबर नव्या बागेत येतो. म्हणून मातृवृक्ष निरोगी व भरपूर फळे देणारा निवडावा.

हिवाळ्यात एक वर्ष वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीच्या २० ते २५ सेंटिमीटर लांब काड्या कराव्यात. खालचा काप डोळ्याखाली तिरपा व वरचा सरळ घ्यावा. म्हणजे काडी उलटी लावली जात नाही.

२०० मिलिग्रॅम इंडोल ब्युटिरिक आम्ल ५० मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवून, पाणी घालून द्रावण १०० मिलिलिटर करावे. काडीचे खालचे टोक त्यात ५ ते १० सेकंदच बुडवावे. द्रावण फार तीव्र झाल्यास टोक काळे पडून काडी मरते. काडीचा दोनतृतीयांश भाग वाळूमिश्रित गादीवाफ्यात पुरून ओल राखावी.

पालवी दिसताच मुळ्या फुटल्या असे समजू नये. काडी साठविलेल्या अन्नावरही पालवते. सुमारे दोन महिने थांबून, मुळ्या पाहूनच रोपे हलवावीत. संजीवकाने मुळ्या फुटतात, रोग बरा होत नाही, हे ध्यानात ठेवावे.