मागांच्या हादऱ्याने घराचे नट सैल होतात

प्रश्न : मालेगावात आमचं पत्र्याचं घर आहे. शेजारी यंत्रमागांचा कारखाना आणि मधली भिंत सामाईक. गेल्या वर्षी त्यांनी माग दुप्पट केले. तेव्हापासून पत्र्याच्या हुकांचे नट, पंख्याचा बोल्ट सारखे सैल होतात. भिंतीलाही तडा गेलाय. शेजारी म्हणतात, 'तीस वर्षांचे माग आहेत, आमचा हक्क झाला.' काय करावं?

उत्तर : दावा नंतर, आधी पंखा बंद करा. मिस्त्री बोलावून बोल्ट बदला, आत नायलॉनची कडी असलेला लॉक नट लावा आणि पिन घाला. साध्या स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका. धोटा फेकताना, फणी ठोकताना माग आडवा हादरतो. आडव्या हादऱ्याने आट्यांची पकड घसरते आणि नट आपोआप उलटा फिरतो, हे युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९मध्ये दाखवून दिलं.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५नुसार वीस वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्क म्हणून केलेल्या वापराचा हक्क मिळू शकतो. पण वाढवलेल्या मागांना एकच वर्ष झालंय. शिवाय, दुसऱ्याची मिळकतच नष्ट होईल असा हक्क कलम १७ मिळू देत नाही.

त्यामुळे मनाई हुकुमासाठी दिवाणी दावा लावता येईल. १९७८च्या एका निकालात अलाहाबाद उच्च न्यायालयाने पिठाच्या गिरणीविरुद्ध अशी मनाई कायम ठेवली होती. मात्र सगळं पुराव्यावर अवलंबून आहे. नट आवळल्यावर नट आणि बोल्टवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढा, तारखेसह फोटो काढा. रेघ तुटली की नट फिरला. तड्यावर प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहा. शुक्रवारी माग बंद असतात. अभियंत्याकडून त्या दिवशी आणि चालू दिवशी कंपनं मोजून घ्या. न्यायालयाकडे पाहणीसाठी कमिशनरही मागा.

गल्लीतल्या इतरांनाही त्रास असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वाढीव मागांना परवाना आहे का, हे महापालिकेत विचारा.

माझा आग्रह एकच : कारखाना बंद करा, असं मागू नका. त्या मागांवर कामगारांची चूल पेटते आणि टोकाची मागणी न्यायालयही सहज मान्य करत नाही. मागांखाली रबरी पॅड, यंत्राचा पाया भिंतीपासून सुटा आणि तड्याची भरपाई, एवढं नोटिशीत स्पष्ट लिहा. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा.