राखणदाराची लघवी तुंबली तर

आंदर मावळात शेतकऱ्याच्या दारी कुत्रा असायचाच. तो रात्री गोठा राखतो. भात पिकले की रानडुकरांवर भुंकतो. अशा राखणदाराची लघवी तुंबली तर काय करावे? त्यासाठी आधी त्याच्या पोटातली रचना पाहू.

कुत्र्याला आपल्यासारखीच दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्तातली घाण गाळतात. तीच लघवी. दोन बारीक नळ्यांतून ती खाली उतरते आणि पिशवीत साठते. या पिशवीला मूत्राशय म्हणतात. पिशवी फुग्यासारखी ताणते. तिच्या तोंडाशी स्नायूंचे कडे असते. ते सैल झाले की लघवी मूत्रमार्गाने बाहेर पडते.

कुत्रीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असतो. बारीक खडा बहुधा निघून जातो. पण बाहेरचे जंतूही लवकर आत शिरतात.

कुत्र्याचा मार्ग लांब व अरुंद असतो. तो मागे वळसा घेऊन पुढे येतो. कुत्र्याच्या लिंगात एक हाड असते. माणसाला असे हाड नसते. हाडाच्या खालच्या बाजूला खाच असते. तिच्यातून मूत्रमार्ग जातो. हाड काही ताणत नाही. म्हणून मुतखडा बहुधा या हाडामागेच अडकतो. खाचराच्या मोरीत दगड बसावा, पाणी तुंबावे आणि बांध फुटावा, तशी गत होते.

कुत्रा जागोजाग तंगडी वर करतो. ती त्याची हद्द आखायची रीत. बहुधा थोडी तरी लघवी पडते. तो आजार नव्हे. पण कुत्रा कुंथतो आणि थेंबही पडत नाही, पोट टणक लागते, तो खात नाही, ओकतो, तर वेळ घालवू नका. "बाजारच्या दिवशी नेऊ" म्हणाल, तर तोवर विष रक्तात भिनेल. पिशवीही फुटेल. कुत्रा दगावेल.

घरी पोट दाबू नका. काढे पाजू नका. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात लगेच न्या, किंवा १९६२ या नंबरवर फोन करा. डॉक्टर नळी घालून वाट मोकळी करतात. कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

कुत्र्यापुढे स्वच्छ पाणी नेहमी ठेवा. त्याच्या लघवीला उघडी जखम लागू देऊ नका. तिच्यातून माणसालाही लेप्टोचा ताप येऊ शकतो. हात साबणाने धुवा.

सांगा पाहू :
१. लघवी कोठे साठते?
२. खडा बहुधा कोठे अडकतो? का?
३. हद्द आखणारा कुत्रा आणि आजारी कुत्रा कसा ओळखाल?