काठीसकट लंडन

प्रश्न : मी ७० वर्षांची निवृत्त शिक्षिका. दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. उजव्या गुडघ्याचं रोपण चार वर्षांपूर्वी झालं. काठी घेऊन सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालते, मग बसावंच लागतं. जिना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढते. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, आता लंडन बघायचंय. बरोबरीच्या मैत्रिणी काही राहिल्या नाहीत, काही नातवंडांत अडकल्यात. मुलगा म्हणतो, ‘ग्रुप टूरनं जा, नाहीतर थांब, मला रजा मिळाली की मी नेतो.’ एकटीनं जायचं म्हटलं तर विमान कंपनी बसू तरी देईल का? आणि तिथे माझं निभेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, बसू देईल आणि निभेलही. ग्रुप टूरबद्दल मात्र तुमच्या चिरंजीवांशी माझं पटत नाही. सावकाश चालणाऱ्या माणसाला ग्रुप टूरइतकी गैरसोयीची दुसरी गोष्ट नाही. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, दर दोन दिवसांनी नवं हॉटेल. बस लांब कुठेतरी उभी राहणार आणि ‘पाऊण तासात सगळे परत या’ अशी घोषणा होणार. त्या पाऊण तासातली वीस मिनिटं तुमची जाण्यायेण्यात जातील, आणि बसमधले चाळीस जण आपल्यासाठी खोळंबलेत या धास्तीनं उरलेल्या वेळात काही दिसणार नाही. एकटीनं गेलात तर बाकावर अर्धा तास बसलात तरी कोणी घड्याळ बघत नाही. बदल्यात एकच गोष्ट करावी लागते. जे हवं ते स्वतः, आधी आणि स्पष्ट मागायचं.

पहिली मागणी विमान कंपनीकडे. नुसती व्हीलचेअर मागितली म्हणून प्रवासी नाकारता येत नाही. स्वतःच्या हातानं जेवता यावं, औषधं घेता यावीत, सुरक्षेच्या सूचना समजाव्यात आणि स्वच्छतागृहात आपलं आपण करता यावं, एवढी अपेक्षा असते. विमानातले कर्मचारी दारापर्यंत हात देतात, आतलं आपण बघायचं. हे जमत असेल तर सोबत कोणी असण्याची सक्ती नाही.

तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, व्हीलचेअरची नोंद करायची. आता खरी गोम. व्हीलचेअरच्या नोंदीचे मुख्य तीन प्रकार असतात आणि आपल्याकडे बहुतेकांना त्यांचा पत्ताच नसतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढवत नाही, विमानात मात्र जागेपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. ट्रॅव्हल एजंट सवयीनं पहिला प्रकार टाकून मोकळा होतो. विमान थेट दाराला लागलं तर काही बिघडत नाही. पण ते लांब मैदानात उभं राहिलं आणि शिडी लावली, की पहिल्या प्रकारच्या प्रवाशानं शिडी चढावी असं गृहीत धरलेलं असतं. दुसऱ्या प्रकारासाठी अ‍ॅम्ब्युलिफ्ट येते. ट्रकवर बसवलेली खोली समजा, ती तुम्हाला खुर्चीसकट उचलून विमानाच्या दारापर्यंत नेते. तुमचं जिन्याचं वर्णन वाचता तुम्ही निःसंशय दुसऱ्या प्रकारात बसता. नोंद त्याचीच करा, आणि परतीच्या तिकिटावरही ती आहे ना, हे वेगळं तपासा. जातानाची असते, येतानाची राहून जाते.

व्हीलचेअर घ्यायला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या वयाच्या बहुतेक बायांना वाटतो. ‘चालते की हळूहळू’ म्हणून त्या उठतात. हे महागात पडू शकतं. २०२४च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका वृद्ध जोडप्यानं दोन व्हीलचेअर नोंदवल्या होत्या, हजर एकच होती. पत्नीला तीत बसवून ऐंशी वर्षांचे गृहस्थ पायी निघाले. इमिग्रेशनपाशी कोसळले आणि दगावले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपनीला ३० लाखांचा दंड केला. म्हणून सांगतो, खुर्ची यायला वेळ लागला तर विमानातल्या जागेवरच बसून राहा. कर्मचारी कितीही गोड बोलून ‘पाचच मिनिटांचं अंतर आहे आजी’ म्हणाले तरी उठू नका. उतरवून घेणं ही त्यांची जबाबदारी आहे.

मुंबई ते लंडन थेट विमान घ्या, साधारण दहा तास लागतात. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांतल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि तुमचं वय बघता हे हसण्यावारी नेऊ नका. पायमोजे कोणते घालावेत, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर काय करावं, हे तुमच्या अस्थितज्ज्ञांना विचारा. कडेची जागा घ्या, तासातासाला घोटे फिरवा. आपत्कालीन दरवाजाजवळ पाय ऐसपैस पसरता येतात, पण मदत लागणाऱ्या प्रवाशाला ती जागा देत नाहीत. गुडघ्यातला धातू सुरक्षा तपासणीत वाजणारच. तिथे आधीच सांगा, हातातल्या यंत्रानं तपासतील.

आता लंडन. तिथलं भुयारी रेल्वेचं, म्हणजे ‘ट्यूब’चं, जाळं १८६३ पासूनचं, म्हणजे लिफ्ट सर्रास वापरात येण्याच्या कितीतरी आधीचं. पायरीशिवाय जाता येईल अशी स्थानकं तिथे आजही साधारण एक-तृतीयांशच आहेत. ट्यूबच्या नकाशात व्हीलचेअरचं चिन्ह निळं असेल तर रस्त्यापासून गाडीच्या दारापर्यंत पायरी नाही. पांढरं असेल तर फलाटापर्यंत नाही, गाडीत चढताना मात्र फट आणि उंची असणार. २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन याला अपवाद. तिच्या सगळ्या स्थानकांत पायऱ्या टाळून फलाटावर जाता येतं, आणि ती हीथ्रो विमानतळाहून थेट पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोडला आणते. पण पायऱ्या नाहीत म्हणजे चालणं नाही असं नव्हे. तिचे शहराच्या मधल्या भागातले फलाट दोनशे मीटरच्या वर लांब आहेत आणि बोळ संपता संपत नाहीत. विमानतळावरून पहिल्या दिवशी टॅक्सीच करा. तिथे पैसे वाचवून गुडघा सुजवून घेतलात तर पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून लंडन बघावं लागेल.

माझं मत विचाराल तर तुमचं वाहन बस. लंडनच्या सगळ्या बसचा तळ रस्त्यापासून कमी उंचीवर असतो. थांब्यावर बस फूटपाथच्या बाजूला थोडी कलते. ‘रॅम्प’ म्हटलं की मधलं दार लागलेलंच राहतं, पिप् पिप् आवाज करत खालून पत्रा सरकत बाहेर येतो, फूटपाथवर टेकतो आणि मग दार उघडतं. कोणी ‘चला लवकर’ म्हणत नाही. पुढचा थांबा कोणता, हे आतल्या पाटीवर दिसतं आणि ऐकूही येतं. रोख पैसे मात्र २०१४ पासून बंद आहेत, कार्ड टेकवायचं. भारतातून दोन वेगवेगळी कार्डं न्या, दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. आणि जागा हवी असेल तर मागा. लंडनच्या वाहतूक खात्यानं २०१७ पासून ‘मला बसायला जागा द्या’ असा निळा बिल्लाच काढला आहे, इतका तिथे तो व्यवहार उघड आहे. काळ्या टॅक्सीत रॅम्प असतो आणि त्याचे जादा पैसे घेता येत नाहीत.

एक गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आणि तिथे नसलेली, ती म्हणजे हमाल. जिन्याच्या तळाशी बॅग ठेवून इकडेतिकडे बघितलं की कोणीतरी येतं, हे आपल्या स्टेशनवर. विमान कंपनी २३ किलो नेऊ देते म्हणून २३ किलो भरू नका. एका हातात काठी असताना दुसऱ्या हातानं जी ढकलता येते तीच तुमची बॅग.

हॉटेलच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण पाय तिथेच दगा देतात. पॅडिंग्टन, बेजवॉटर, ब्लूम्सबरीच्या भागात जुन्या घरांची केलेली स्वस्त हॉटेलं रांगेनं आहेत. फोटोत फार देखणी. प्रत्यक्षात दारापुढे पाच-सहा पायऱ्या, आत अरुंद वळणाचा जिना, लिफ्ट नाही, आणि अंघोळीला टब. ओल्या टबची कड ओलांडणं हे तुमच्यासारखीला जिन्यापेक्षा अवघड. म्हणून खोली ठरवण्याआधी मेल करून चार गोष्टी लेखी विचारा. रस्त्यावरून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? लिफ्ट माझ्या मजल्यावर थांबते का? अंघोळीची जागा टब नसलेली, सपाट आहे का? भिंतीला धरायला दांडी आहे का? ‘आमचं हॉटेल सर्वांसाठी सोयीचं आहे’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर ते नाही म्हणाले असं समजा. मोठ्या साखळी हॉटेलांत अशा खास खोल्या असतात, पण मोजक्याच, त्यामुळे आधी मागाव्या लागतात. सगळे दिवस एकाच हॉटेलात राहा.

ब्रिटिश म्युझियम तुम्हाला बघायचंच असणार. सर्वसाधारण प्रवेश फुकट, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायची घाई नको, दोन-तीन सकाळी जा. समोर खांबांखालच्या भव्य पायऱ्या दिसल्या की दबून जाऊ नका, दोन्ही बाजूंना लिफ्ट आहेत. आत व्हीलचेअर फुकट मिळते, पण एकट्या माणसाला तिचा उपयोग बेताचाच, कारण ढकलणार कोण? त्यापेक्षा चार चाकांचा, ब्रेक असलेला आणि बसायची पट्टी असलेला वॉकर घ्या. धरून चालता येतं, थकलं की ब्रेक लावून त्याच्यावरच बसायचं. चालायला लागणारं साधन म्हणून विमान कंपन्या तो सामानाच्या वजनात धरत नाहीत. निघण्याआधी महिना-दोन महिने फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि साताऱ्यातच वापरा. लोक बघतील, बघू देत. म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, आपल्या विदर्भातल्या नव्हे, आंध्रातल्या अमरावतीची. त्यांच्यापुढे स्वतःच्या बैठकीवर तासभर बसून बघण्यासारखं आहे.

टॉवर ऑफ लंडन मनातून काढून टाका असं म्हणणार नाही, पण मनोऱ्यांतले गोल दगडी जिने आणि अंगणातले उंचसखल दगड तुमच्या गुडघ्यांसाठी नाहीत. टेम्सवरच्या बोटीतून तो फार छान दिसतो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड महाराष्ट्र सरकारनं २०१५मध्ये घेतलं आणि तिथे स्मारक केलं. इतिहासाच्या बाईंनी ते चुकवू नये. पण ते जुन्या पद्धतीचं, मजल्यांवर मजले असलेलं घर आहे. कधी उघडं असतं आणि जिना न चढता काय काय बघता येईल, हे आधी विचारून टॅक्सीनं जा.

स्वच्छतागृहाचं कोणी बोलत नाही, आणि वयस्क माणसाचा अर्धा दिवस त्या चिंतेतच जातो. ब्रिटनमध्ये १९८१ पासून अपंगांसाठीच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांना एकच सामायिक किल्ली चालते, तिला रडार की म्हणतात. काही पौंडांत विकत मिळते. सगळी अशी स्वच्छतागृहं कुलपात नसतात, पण जी असतात त्यांच्यापुढे ही किल्ली पर्समध्ये असलेली बरी. आत कमोड उंच असतो, दोन्ही बाजूंना दांड्या असतात.

विमा काढताना गुडघ्याचं रोपण, रक्तदाब, साखर, जे असेल ते सगळं लिहा. एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणाला तर एजंट बदला. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातला उपचार परदेशी पाहुण्यालाही फुकट असतो, पण दाखल करून घेतलं की पाहुण्याला मूळ दराच्या दीडपट बिल लागतं. खुब्याचं हाड मोडलं तर तो आकडा निवृत्तिवेतनातून फिटणारा नाही. आणीबाणीला ९९९, साध्या सल्ल्याला १११. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीवर त्यांची मूळ रासायनिक नावं.

मे-जूनमध्ये जा. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सकाळी एक ठिकाण, दुपारी पाय वर करून झोप आणि संध्याकाळी बागेत फेरी, असा दिवस निवांत बसतो. डिसेंबरात चारलाच अंधारतं आणि फूटपाथ निसरडे असतात.

राहता राहिले चिरंजीव. त्यांना परवानगी मागू नका, कागद द्या. त्यावर विमानाचे क्रमांक, हॉटेलचा पत्ता, विम्याचा क्रमांक आणि लंडनमधल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन असू द्या. ओळखीचं कोणी नसेल तर तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, निघण्याआधी त्यांना मेल टाकून बघा. रोज रात्री झोपण्यापूर्वी एक मेसेज करायचा एवढं ठरवा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ लंडनच्या साडेचार तास पुढे असतं. ते ऑफिसला निघताना सकाळी नऊला काळजीनं फोन करतील, तेव्हा तुमच्या खोलीत पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. हे त्याच कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात लिहा.