गिटारचा हूं आणि काढून टाकलेली तिसरी पिन

प्रश्न : आमच्या वाद्यवृंदात मी गिटार वाजवतो. ॲम्प एकटा चालू असला की आवाज स्वच्छ असतो. पण त्याच्या लाइन-आउटमधून सभागृहाच्या मागच्या टोकाला ठेवलेल्या मिक्सरला वायर जोडली, की मोठ्या स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ सुरू होतं. साउंडवाल्याने ॲम्पच्या प्लगची मोठी पिन काढली आणि आवाज थांबला. असंच राहू द्यावं का? आणि हा हूं येतो तरी कुठून?
— एक वाचक, सांगली

उत्तर : राहू देऊ नका. पुढच्या कार्यक्रमाआधी तो प्लग बदलून घ्या. हूं गेला हे खरं, पण त्याच्यासोबत तुमच्या जिवाचं संरक्षणही गेलं आहे.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून हूं ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला, म्हणजे १००, १५० असा असतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवा. तो ‘जी’ स्वर ९८ हर्ट्झचा आहे. त्याच्या शेजारी, किंचित चढी अशी घरघर ऐकू आली तर ती विजेच्या लाइनमधूनच आलेली आहे.

तुमचा ॲम्प स्टेजजवळच्या बोर्डावर, मिक्सर मागच्या बोर्डावर. दोन्ही आपापल्या तिसऱ्या पिनमधून अर्थिंगला जोडलेले. त्यात लाइन-आउटची वायर लावली, की तिच्या जाळीमुळे दोन्ही यंत्रांच्या बॉड्या आणखी एका वाटेने जोडल्या जातात आणि वर्तुळ पूर्ण होतं. अर्थिंगच्या तारेत सभागृहातल्या अनेक उपकरणांमधून गळणारा थोडाथोडा करंट वाहत असतो. त्यामुळे दोन बोर्डांवरचं ‘शून्य’ सारखं नसतं. फरक काही मिलिव्होल्टचा असला तरी जाळीतून करंट वाहायला तो पुरतो. साध्या जॅकच्या वायरीत हीच जाळी सिग्नलची परतीची वाट असते, म्हणून हा उपरा करंट थेट संगीतात मिसळतो.

पिन काढल्यावर वर्तुळ तुटलं. पण गिटारच्या तारा वायरीच्या जाळीमार्फत ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. उद्या आत बिघाड होऊन फेज बॉडीला लागला, तर त्याला जमिनीकडे जायला मिक्सरच्या वायरीची बारीक जाळी एवढीच वाट उरते. तो जॅक निसटला, की हाताखालच्या तारांवर २३० व्होल्ट आणि ओठांपाशी मिक्सरमार्फत अर्थ झालेला माइक. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी असाच स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला : एक हात तारांवर, दुसरा माइकवर. तिथे अर्थिंग माइकला नव्हतं, एवढाच फरक.

वर्तुळ तोडायचंच आहे, पण ते सिग्नलच्या वायरीत. विजेच्या वायरीत कधीही नाही. त्याआधी फुकटचा उपाय करून पाहा : स्टेजच्या बोर्डावरून चांगली थ्री-पिन एक्स्टेंशन नेऊन मिक्सरही तिथूनच चालवा. दोघांचं अर्थिंग एकाच जागी आलं की हूं पुष्कळदा तिथेच विरतो.

नाही विरला तर लाइन-आउट आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायला ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घ्या. ट्रान्सफॉर्मर आहे ना, हे दुकानात विचारूनच घ्या, कारण काही स्वस्त बॉक्समध्ये तो नसतो. आतल्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा सांधा नसतो. आवाज चुंबकत्वाच्या वाटेने पलीकडे जातो. बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण जाळी तोडतं आणि ॲम्पचं अर्थिंग प्लगमधून शाबूत राहतं. ॲम्पच्या मागचा ‘स्पीकर’ लिहिलेला जॅक मात्र साध्या डीआयला लावू नका, बॉक्स जळेल. मला स्वतःला ॲम्पच्या स्पीकरसमोर माइक ठेवणं अधिक आवडतं. मिक्सर आणि ॲम्प यांच्यात तारच नाही, म्हणजे वर्तुळही नाही. शिवाय ॲम्पचा खरा आवाज श्रोत्यांपर्यंत जातो.

गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरल्यावर हूं कमीजास्त होत असेल, तर तो सिंगल-कॉइल पिकअपने हवेतून पकडलेला आहे. तिथे डीआय काही करणार नाही, हमबकर पिकअप करेल.

आणि जुन्या सभागृहांत कधीकधी सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते. इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही बोर्ड तपासून घ्या आणि स्टेजच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.