शोधयंत्र आणि तोतये

एखाद्या विशाल ग्रंथालयात लक्षावधी ग्रंथ असावेत, पण हवा तो ग्रंथ काढून देणारा ग्रंथपालच नसावा, तर वाचकाची कशी तारांबळ उडेल! इंटरनेटच्या अफाट ग्रंथालयात ग्रंथपालाचे हे काम शोधयंत्र करते. ते असंख्य पानांची सूची आधीच तयार ठेवते आणि प्रश्न विचारताच उपयुक्त वाटणारी पाने क्रमाने पुढे मांडते.

हा क्रम ठरतो तरी कसा? आरंभीची शोधयंत्रे पानावरील शब्दांवर फार विसंबत. हे हेरून काही लोभी लोकांनी एकच शब्द पानावर शेकडो वेळा लिहिला. कित्येकांनी तर तो पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लपविला. वाचकाला तो दिसत नसे, यंत्राला मात्र दिसे.

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी गूगलची स्थापना केली. ज्या पानाकडे इतर चांगली पाने दुवे देऊन बोट दाखवितात, ते पान अधिक महत्त्वाचे, असा त्यांचा विचार होता. लबाडांनी त्यावरही तोड काढली. एकमेकांची भलावण करणारी पोकळ संकेतस्थळे त्यांनी उभारली. जणू खोट्या साक्षीदारांचा बाजारच भरला! तेव्हा निकृष्ट मजकूर मागे सारण्यासाठी २०११ साली ‘पांडा’ आणि खोट्या दुव्यांना आळा घालण्यासाठी २०१२ साली ‘पेंग्विन’ या नावाच्या सुधारणा गूगलने केल्या. तरीही हा लपंडाव संपलेला नाही.

यात हानी कोणाची होते? समजा, एक वृद्ध गृहस्थ बँकेचा दूरध्वनी क्रमांक शोधीत आहेत. बनावट पानावरील क्रमांकाला ते खरा मानतात, पलीकडच्या गोड वाणीला भुलतात आणि गुप्त अंक सांगून बसतात. आयुष्यभर घाम गाळून साठविलेली पुंजी क्षणार्धात नाहीशी होते!

म्हणून जे पान सर्वांत वर, तेच सर्वांत खरे, असे मानू नये. संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. ‘प्रायोजित’ असे लिहिले असल्यास ती जाहिरात समजावी. बँकेचा क्रमांक पासबुकावरून घ्यावा. माहिती कोणी व केव्हा लिहिली हे पाहून ती दुसऱ्या ठिकाणी पडताळावी. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता त्वरित १९३० या शासकीय क्रमांकावर कळवावे.

हंस पाण्यातून दूध तेवढे वेगळे काढतो, अशी कविकल्पना आहे. यंत्र फार तर पाने पुढे ठेवील. नीरक्षीरविवेक मात्र माणसालाच करावा लागतो.