परदेशी गिऱ्हाईक हजार डॉलर देतं, हातात किती पडतात?

कोल्हापुरी चपला असोत, येवल्याची पैठणी असो की घरी बसून केलेलं भाषांतर, परदेशी गिऱ्हाइकाला किंमत सांगताना बहुतेकजण गूगलवर डॉलरचा भाव बघतात आणि गुणाकार करतात. त्या गुणाकाराइतके पैसे खात्यात कधीच येत नाहीत. तूट कुठे पडते ते आधी माहीत असेल, तर किंमत ठरवतानाच ती धरता येते.

हिशेबासाठी डॉलरचा भाव ९० रुपये धरू. १,००० डॉलरचे ९०,००० व्हायला हवेत. गिऱ्हाइकाने बँकेतून स्विफ्टने पैसे पाठवले. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने २० डॉलर कापले, उरले ९८०. तुमच्या बँकेने बाजारभावापेक्षा दीड टक्का कमी, म्हणजे ८८.६५ रुपयांचा दर लावला, झाले ८६,८७७. चलन बदलल्याचा जीएसटी १५६ रुपये, बँकेचं शुल्क जीएसटीसकट समजा २९५. हातात आले ८६,४२६. म्हणजे ३,५७४ रुपये गेले आणि त्यातले शुल्क किंवा कर म्हणून खात्यावर दिसले फक्त ४५१. बाकीचे वाटेत आणि दरात मुरले.

म्हणून बँकेत ‘चार्जेस किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘आज १,००० डॉलर आले तर टीटी बायिंग रेट काय लावाल?’ (म्हणजे आलेले डॉलर बँक ज्या दराने विकत घेते तो) असं विचारा आणि तो आकडा एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) या संस्थेच्या त्या दिवशीच्या संदर्भ दराशी ताडून बघा. रक्कम मोठी असेल तर दर वाढवून मागा. २०,००० डॉलरवर १० पैसे वाढवून मिळाले तरी २,००० रुपये होतात. मागणाऱ्यालाच ते मिळतात, हे मी मुद्दाम सांगते. चलनबदलावरच्या जीएसटीत मात्र घासाघीस नाही: १ लाखापर्यंत रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, हे करपात्र मूल्य आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. मध्यस्थ बँकेची कपात टाळायची असेल तर गिऱ्हाइकाला पैसे पाठवताना ‘अवर’ (OUR) हा पर्याय निवडायला सांगा. त्यात पाठवण्याचा खर्च त्याच्याकडे जातो. हे बिलावरच लिहिलेलं बरं.

रक्कम लहान असेल तर स्विफ्ट परवडत नाही. १०० डॉलरमधून २० कापले गेले तर पाचवा हिस्सा गेला. अशा वेळी लोक पेपलकडे वळतात. भारतात पेपलने देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, परदेशातून पैसे घेणं चालू आहे. शुल्क साधारण ४.४ टक्के आणि वर छोटी ठरावीक रक्कम. दरातली तूट ३ टक्के धरली, तर वरच्याच १,००० डॉलरचे सुमारे ८३,४३० रुपये हाती येतात. शिवाय गिऱ्हाईक १८० दिवसांपर्यंत तक्रार करून पैसे अडकवू शकतं. महागड्या पैठणीसाठी ही जोखीम मला पटत नाही. निदान अर्धी रक्कम बँकेतून आगाऊ घ्यावी.

तिसरी वाट म्हणजे गिऱ्हाइकाच्या देशातलाच खातेक्रमांक मिळवून देणाऱ्या कंपन्या. गिऱ्हाईक तिथल्या तिथे पैसे भरतं, त्यामुळे स्विफ्टची कपात लागत नाही. कंपनी १ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊन बाजारभावाने रुपये देत असेल, तर १,००० डॉलरचे ८८,९३८ होतात. मध्यम रकमांना मला हीच वाट सर्वांत बरी वाटते. पण आधी रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रिगेटर–क्रॉस बॉर्डर यादीत त्या कंपनीचं नाव शोधा, किंवा तिच्यामागे कोणती बँक आहे ते लेखी विचारा.

आपल्याकडे सर्रास होणारी एक गोष्ट मात्र करू नका. अमेरिकेतल्या भाचीच्या खात्यात पैसे घ्यायचे आणि तिने ते ‘घरखर्चासाठी’ म्हणून पाठवायचे. खर्च जवळजवळ शून्य दिसतो, पण कागदावर ती निर्यातीची कमाई राहत नाही. पैसे कशासाठी आले ते सांगणारा पर्पज कोड चुकीचा पडतो, मालाचं शिपिंग बिल बँकेत उघडंच राहतं आणि जीएसटीचा परतावा मागताना हातात पुरावा नसतो. वेस्टर्न युनियनसारखी सेवाही फक्त वैयक्तिक पैशांसाठी आहे, व्यापाराला ती चालत नाही.

पुरावा म्हणजे एफआयआरए, परदेशातून पैसे आल्याचं बँकेचं पत्र. काही बँका त्याचे वेगळे पैसे घेतात, काही ठिकाणी फुकट मिळतं. खातं उघडतानाच विचारा आणि प्रत्येक व्यवहाराचं पत्र बिलाला जोडून ठेवा.

उरलेले खर्च किरकोळ. माल पाठवायला लागणारा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करणं विनाशुल्क. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, भरा, त्यालाही शुल्क नाही. तो भरला नाही तर आधी आयजीएसटी भरून परताव्याची वाट बघावी लागते. एलयूटी एकाच आर्थिक वर्षापुरता चालतो, तेव्हा १ एप्रिलनंतरचं पहिलं निर्यात बिल फाडण्याआधी नवा भरा.